नारळी पौर्णिमेपर्यंत पुरेल एवढं

चिपळूणच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 43. नवरा, सासूबाई, दोन शाळकरी मुलं, आणि इमारतीत तळमजल्यावरचं घर. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं आणि मे महिन्यात भरून ठेवलेली सगळी बेगमी चिखलात गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी या पाच जणांना दोन रात्री आपल्याकडे ठेवून घेतलं. तेव्हापासून ताईंचा हात थांबत नाही. वादळाचा इशारा आला, मे 2025 मध्ये सीमेवर तणाव वाढला, मोबाईलवर ‘मीठ मिळणार नाही’ असं काहीतरी फिरलं, की त्या पिशवी घेऊन दुकानात. आज घरात तांदळाची 25 किलोची तीन पोती, 18 किलो साखर, तेलाचे 15 लिटरचे दोन डबे आणि पलंगाखाली, पोत्यांशेजारी, साबण-मेणबत्त्यांचे खोके आहेत. तांदळाला पोरकिडे लागलेत. नवरा हसतो, आणि वर ‘कुणाला सांगू नकोस’ असंही बजावतो. सासूबाई म्हणतात, “आम्ही पण भरायचो गं, पण असं नाही.” ताईंचे प्रश्न तीन: माझं चुकतंय का? नेमकं किती भरावं? आणि पुन्हा वेळ आलीच तर शेजाऱ्यांना द्यावं, की आपलं आपण बघावं?

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तुम्ही आकडे दिलेत म्हणून हिशेब मांडता आला. पाच माणसं, दोन्ही वेळ भात, म्हणजे दिवसाला साधारण सव्वा किलो तांदूळ. तीन पोती झाली 75 किलो, म्हणजे 60 दिवसांची सोय. साखर महिन्याला पाच किलो धरली, चहावाले पाहुणे धरून, तरी साडेतीन महिने जाईल. तेल सहा महिन्यांचं. मग पाण्याकडे आले. पिण्याचा 20 लिटरचा एक जार असतो, असं तुम्ही लिहिलंय. माणशी तीन लिटर पिण्याला आणि दोन स्वयंपाकाला धरलं तर पाच जणांना दिवसाला 25 लिटर लागतं. तुमचा जार पहिल्याच रात्री उपडा.

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे: “परवा सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, भर पावसात मुलाला पिटाळलं.” सहा महिन्यांचं तेल घरात आणि गोळी एका दिवसाचीही नाही. मला तुमच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण या वाक्यात दिसली. पोत्यांचं पुढे बघू.

तुम्ही असं धरून चालला आहात की 2021 साली तुमच्याकडे पुरेसं नव्हतं, म्हणून हाल झाले. पण पत्र तुम्हीच पुन्हा वाचा. तेव्हा दोन महिन्यांचा तांदूळ होता, डाळी होत्या, सासूबाईंनी माहेरच्या गावाहून आणवलेले सोडे आणि आमसुलं होती. अन्न कमी नव्हतं. ते खाली होतं. पाणी पहाटे आलं, वीज गेली होती, आणि पोतं उचलून जिना चढायला माणूस नव्हतं, कारण एकाने सासूबाईंना धरलं होतं आणि एकाने मुलांना. आज पुन्हा तशी पहाट आली तर तीन पोत्यांचं काय होईल? त्या वेळच्या तांदळाचं झालं तेच. चिपळूणात, महाडात, खाडीकाठच्या कुठल्याही गावात घरात किती आहे यापेक्षा ते किती उंचीवर आहे आणि एका हाताने उचलता येतं का, हे आधी बघावं लागतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे पोती फोडा. पाच-पाच किलोच्या जाड पिशव्या करा, तोंड घट्ट बांधा. 12 वर्षांचं पोरसुद्धा एक पिशवी घेऊन दोन मजले चढतं. 26 जुलै 2005 लाही चिपळूणात पाणी भरलं होतं, तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. तेव्हा हे आयुष्यात एकदाच घडणारं काही आहे असं समजून चालणार नाही.

आता सासूबाईंच्या ‘असं नाही’बद्दल. मला वाटतं त्यांचं म्हणणं तुम्ही टोमणा म्हणून घेतलंत. मी त्यात दुसरंच ऐकलं.

माझ्या आजोळी, गुहागर तालुक्यात, मे महिना म्हणजे आगोटीची, पावसाळ्याआधीच्या बेगमीची, धांदल. पडवीत आमसुलं वाळत घातलेली, सगळ्या घराला आंबट वास. फणसाच्या आठळ्या, आंब्याची साठं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, मिठाची बरणी, माळ्यावर लाकूडफाटा. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून सुकट, बोंबील आणि बांगडा सुकवलेला. कांद्याच्या माळा आढ्याला टांगलेल्या असत आणि आजी त्यातला कांदा कायम खालच्या टोकाकडून काढायची. श्रावण लागेपर्यंत माळ हातभर उरायची. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की आढ्याला नुसतं सुंभ लोंबत असायचं, आणि ते बघून आजीला बरं वाटायचं. घरात कांदा नाही याचं तिला वाईट वाटत नसे. बेत बरोबर बसला, याचं समाधान.

आगोट अशी होती. मृगाआधी भरायची, नारळी पौर्णिमेला संपवायची. तुमच्या साठ्याला भरायची वेळ नाही (बातमी आली की भर) आणि संपायची तर नाहीच. पोरकिडे लागलेला तांदूळ हे त्याचंच लक्षण आहे. जुनं पोतं मागे, नवीन पुढे, आणि रोजचा भात पुढच्या पोत्यातून. आजी तुमच्याकडे असती तर पहिल्यांदा पोत्यांची जागा बदलली असती.

भरायची वेळ महत्त्वाची आहे ती आणखी एका कारणासाठी, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. तुमच्या गल्लीतला किराणावाला काही गोदाम घेऊन बसलेला नाही. त्याचा बराचसा माल कुंभार्ली घाटातून कराडकडून येतो. नेहमीची गिऱ्हाइकं नेहमीएवढं नेणार, या अंदाजावर तो आठवड्याचा माल मागवतो. इशाऱ्याच्या दिवशी 30 घरांनी दोन-दोन महिन्यांचं उचललं की तुटवडा नसताना फळी रिकामी होते. नोव्हेंबर 2016 मध्ये मिठाच्या अफवेने हेच केलं. देशाला एवढा मोठा समुद्रकिनारा, आणि लोक मिठासाठी रांगेत! या रिकाम्या फळीचा फटका रोजच्या मजुरीवर अर्धा किलो तांदूळ नेणाऱ्या बाईला बसतो. तिच्याकडे आगाऊ भरायला पैसे नसतात. ती संध्याकाळी येते तेव्हा तुमचं पोतं तुमच्या पलंगाखाली गेलेलं असतं.

म्हणून तुमच्या ‘माझं चुकतंय का’ला माझं उत्तर असं: एप्रिल-मे महिन्यात, शांतपणे, दुकानदाराला आठवडाभर आधी यादी देऊन दोन महिन्यांचं भरलंत तर कुणाच्याही तोंडचा घास जात नाही. उलट त्याला मागणी कळते, तो तेवढा माल आणवतो. तेच सामान इशारा वाजल्यावर उचललंत तर ती साठेबाजी, मग घर कितीही साधं असो. बातमी आल्यावर दुकानात जायचंच असेल तर ताजी भाजी, दूध आणि पाव आणा. बाकी सगळं आधी झालेलं असायला हवं.

किती भरावं? तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी संकटं एकाच पोत्यात बांधली गेलीत. ती सोडवून बघू.

पुराचा काळ तसा थोडा असतो. तुम्हीच लिहिलंय की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाटावरून मदतीचे टेम्पो गल्लीत आले. त्या चार दिवसांना तांदूळ जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण शिजवणार कशावर? तिथे लागतात पोहे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, बिस्किटं, मेतकूट, आणि पाणी. पाच जणांना चार दिवसांचं 100 लिटर. एवढं कुणी भरून ठेवत नाही, मला माहीत आहे. पण 20-20 लिटरचे दोन झाकणाचे कॅन, आणि इशारा आला की घरातली प्रत्येक कळशी, हंडा, कुकरसुद्धा भरून उंचावर, एवढं जमतं. बाकीच्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. पुरानंतर विहिरीचं आणि नळाचं पाणी निवळ दिसलं तरी क्लोरीन टाकल्याशिवाय किंवा खळखळून उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. कुणाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा घ्या, पोह्यांचा नव्हे.

दरड कोसळून घाट बंद पडणं, किंवा वादळाने वीज जाणं, हे दुसरं संकट, आणि ते लांबतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी मावशी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत राहत होती. आधीच टाळेबंदी, त्यात वादळ. तिच्याकडे तांदूळ होता, डाळ होती. विहिरीला पाणीही होतं, पण पंप चालेना, आणि विहिरीवरचा रहाट त्यांनी पूर्वीच काढून टाकलेला. पहिले दोन दिवस नुसता दोर आणि बादली शोधण्यात गेले. मग ताडपत्री मिळेना, कौलं मिळेनात, मेणबत्तीला दुप्पट पैसे. मोबाईल चार्ज करायला माणसं जनरेटरवाल्याच्या दारात रांगेने बसलेली. धान्याची ओरड मी तिच्या तोंडून एकदाही ऐकली नाही. तेव्हापासून मी कुणी ‘काय भरू’ विचारलं की आधी दोर, बादली, ताडपत्री, सेलवरची बॅटरी आणि भरलेली पॉवर बँक सांगते. मेणबत्त्या थोड्याच ठेवा. अंधारात, मुलं असलेल्या घरात, दाटीवाटीने झोपलेल्या माणसांत मेणबत्ती मला नको वाटते.

या दुसऱ्या संकटाला 15 दिवसांचं धान्य पुरे होतं. तुमच्या घरासाठी 18-20 किलो तांदूळ, चार-पाच किलो डाळ-कुळीथ, दोन लिटर तेल, कांदे-बटाटे, मीठ-मसाला. दुसरा सिलिंडर भरलेला असू द्या. तो पुरात तरंगतो, भरलेलासुद्धा. म्हणून पाणी वाढायला लागलं की रेग्युलेटर काढून, टोपी बसवून खिडकीच्या गजाला बांधून टाका. आणि गोळ्या. सासूबाईंच्या गोळ्यांची महिन्याभराची पाकिटं, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या झेरॉक्ससकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. 10 दिवसांच्या उरल्या की पुढच्या आणायच्या. ज्या वाचकांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेवावं की फ्रिज बंद पडला तर कुठली कुपी किती दिवस बाहेर चालेल. ओल्या मडक्यात ठेवायची युक्ती उन्हाळ्यात चांगली. पावसाळी दमट हवेत मडकं फारसं गार होत नाही.

तिसरं संकट म्हणजे युद्ध, महागाई, आणि मोबाईलवर येणारं बाकी सगळं. त्यासाठी वेगळं काही भरू नका. आगोट असतेच.

म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर दोन महिन्यांचं, आणि नारळी पौर्णिमेनंतर वर्षभर 15 दिवसांचं, याहून जास्त तुमच्या घराला लागत नाही. तेल नवीन मुळीच घेऊ नका. दमट हवेत उघडलेला डबा खवट होतो. आधी एक डबा संपवा. साखर दिवाळीपर्यंत आणू नका. तांदूळ निवडून, चाळून, खडखडीत ऊन मिळालं तर सावलीच्या कडेला पसरून ठेवा. तापल्या उन्हात टाकलात तर दाणा तडकतो. मग कोरड्या डब्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून घट्ट झाकण. आपल्या हवेत कणीक 15 दिवसांच्या वर ठेवायची नाही, रवा आणताक्षणी भाजायचा. शेंगदाण्याला कडवट चव किंवा बुरशी दिसली तर जिवावर आलं तरी टाकून द्या, निवडून वापरू नका.

पोरकिड्यांसाठी कुणी तुम्हाला धान्यात ठेवायच्या गोळ्या सुचवल्या असतील. अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या असतात त्या. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि कोकणात जुलैमध्ये ओल लागणार नाही अशी जागा कुठली? तुम्ही तर पोत्यांच्या वरच पलंगावर झोपता. त्या घरात आणायच्याच नाहीत.

तुमच्या यजमानांसाठी एक ओळ. तुमच्या तांदळाला ते हसतात, आणि जिन्याखाली त्यांनी ‘अडीनडीला’ 10 लिटर पेट्रोलचा कॅन ठेवलाय, हे तुम्ही कंसात लिहिलंय. मला तो कंस वाचून घाम फुटला. सगळ्या इमारतीचा एकमेव जिना, आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल! आजच्या आज गाडीत ओता. पावसाळ्याचे चार महिने टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढी अडीनडी बस झाली.

पत्राच्या मधल्या पानावर तुम्ही लिहिलंय की पावसाची रात्र असली की दोनदा उठून पोती मोजता, आणि मोजल्यावर थोडा वेळ झोप लागते. ताई, 2021 च्या त्या पहाटे तुम्ही गळ्यापर्यंतच्या पाण्यात मुलाला खांद्यावर घेऊन जिना शोधलात. ते अंगातून गेलेलं नाही, आणि ते गेलं नाही म्हणून तुम्ही वेड्या ठरत नाही. पण तांदूळ मोजून ते जाणारही नाही. याबद्दल कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि रात्री उठायचंच असेल तर मोजायला दुसरं काही घ्या. पाण्याचे कॅन भरलेत का, बॅटरी पेटते का, गोळ्या खुंटीला आहेत का. तीन गोष्टी, दोन मिनिटं, मग झोपायचं.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. ‘कुणाला सांगू नकोस’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, मी नाकारत नाही. घरात काय काय आहे याची गावभर दवंडी पिटायचं कारण नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घराने 22 तारखेला तुम्हाला दार उघडलं तेव्हा त्यांनी आधी डबे उघडून बघितले नव्हते. दोन रात्री नऊ माणसं त्यांच्या खिचडीवर जगली. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या रात्री खिचडी पातळ झाली होती आणि त्या वहिनी स्वतः जेवल्याच नाहीत. तेव्हा ‘द्यावं की नाही’ हा प्रश्न तुमच्यासाठी पाच वर्षं उशिरा आलाय. तुम्ही आधीच त्यांच्या पंगतीला बसून आला आहात.

आणि खरं तर तुम्हाला त्यांची गरज आहे. तळमजल्यावरच्या माणसाचा साठा तळमजल्यावर ठेवण्यात अर्थ नाही, हे आपण वर बघितलंच. मग या रविवारी वहिनींकडे चहाला जा. झाकणाचा एक मोठा पत्र्याचा डबा त्यांच्या माळ्यावर ठेवू द्याल का, असं विचारा. त्यात तुमच्या तांदळातल्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या, डाळ, पोहे, गूळ, मिठाची बरणी, क्लोरीनच्या गोळ्या. पाणी आलं तर दोन्ही घरांचं, नाही आलं तर नारळी पौर्णिमेला उघडून दोघींनी वाटून घ्यायचं आणि पुढच्या मे महिन्यात नव्याने भरायचं. वहिनी ‘कशाला, आमचं आहे की’ म्हणतील. आग्रह करा. त्या पातळ खिचडीची आठवण करून दिलीत तरी चालेल, त्यांनाही ती आठवत असणार. झाकणावर दोन्ही आडनावं लिहा, आणि काडेपेटी आत टाकताना तशीच टाकू नका, छोट्या बरणीत घालून टाका. नाहीतर सादळेल.